गोंदियाचा तांदूळ परदेशात पाठवायचाय? आधी हे वाचा

गोंदिया : ‘तांदळाचे शहर’ अशी ओळख असलेल्या गोंदियातील राइस मिलमालकाला थेट निर्यात करायची असेल, तर माल भरण्याआधी कायद्याची तयारी हवी.

कंपनी कशी? : स्वतःच्या एकट्याच्या फर्मवरही निर्यात करता येते, पण तोटा झाल्यास घरदारावर बोजा येतो. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये जबाबदारी भागभांडवलापुरती राहते. त्यासाठी किमान दोन संचालक व दोन भागधारक लागतात.

परवाने कोणते? : डीजीएफटीचा आयात-निर्यात कोड ऑनलाइन ५०० रुपयांत मिळतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अद्ययावत न केल्यास निष्क्रिय होतो. शिवाय अपेडाची नोंदणी आणि एफएसएसएआयचा परवाना हवा.

तिकडचे नियम? : युरोपीय संघात ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे करप्यावर काय फवारले, हे धान घेतानाच विचारावे लागते.

धोका कुठे? : २० जुलै २०२३ रोजी केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. बंदी उठली २८ सप्टेंबर २०२४ रोजी. अशा वेळी माल न पोहोचल्यास भरपाई कोणाची आणि वाद कोणत्या देशाच्या कायद्याने सुटणार, हे करारातच लिहून घ्यावे.