जालन्याची सरकी आणि जिनिव्हाचे नियम

जागतिक सहकार्य न्याय्य असावे, ही भारताची जुनी मागणी आहे. तंत्रज्ञान मिळावे, पण त्याची मालकी मोजक्या हातांत एकवटू नये. बाजार खुले व्हावेत, पण श्रीमंत देशांच्या अनुदानाखाली गरीब देशांतला शेतकरी भरडला जाऊ नये, ही त्या मागणीची दोन अंगे. ती प्रत्यक्षात किती उतरली हे पाहण्यासाठी जालना जिल्हा सोयीचा आहे. देशातल्या खासगी संकरित बियाण्यांच्या धंद्याने बाळसे धरले ते जालना गावात, पहिल्या जनुकबदल पिकाची परवानगी मिळाली तीही इथल्याच कंपनीला, आणि जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची भिस्त कापसावर.

दूरच्या जगाशी व्यवहार या मुलखाला नवा नाही. जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील दानलेखांत त्याचे नाव येते, आणि तिथल्या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. त्या काळी व्यापाराच्या अटी कोण ठरवत असे, याची नोंद मात्र उरलेली नाही.

आधुनिक कहाणी १९६४ पासून सुरू होते. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. त्याआधी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यात त्यांना यश आले होते. काळ अनुकूल होता. राष्ट्रीय बियाणे महामंडळ १९६३ चे, संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा वाण १९६४ चा, संकरित बाजरीचा एचबी-१ हा १९६५ चा. ज्वारीच्या त्या संकराची मादी ओळ अमेरिकेतून आलेली होती. बाजरीची जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन या गावच्या संशोधन केंद्रातून. रॉकफेलर फाउंडेशनचे शास्त्रज्ञ भारतीय संस्थांबरोबर काम करत होते. या ओळींवर कुणाचे पेटंट नव्हते, की त्यांच्यासाठी स्वामित्वशुल्क भरावे लागत नव्हते. जालन्याचा बियाणे धंदा उभा राहिला तो या मोकळ्या देवघेवीच्या पायावर. पुढच्या सगळ्या वादांत हीच गोष्ट विसरली गेली.

याच सुमारास भारत जागतिक मंचांवर विकसनशील देशांची बाजू मांडत होता. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेचे दुसरे अधिवेशन १९६८ मध्ये नवी दिल्लीत भरले आणि विकसनशील देशांच्या मालाला श्रीमंत बाजारपेठांत जकातीची सवलत देण्याचे तत्त्व तिथे मान्य झाले. १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा स्वीकारला. ठरावांची भाषा भारदस्त होती. हाती लागले थोडे.

बियाण्याच्या धंद्याचे गणित शेतात पाहिले की नीट कळते. जालना आणि शेजारच्या बुलढाण्यातील देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, ढोबळी मिरची यांचे सीड प्लॉट असतात. मादी झाडाची उमलायला आलेली कळी चिमट्याने अलगद उघडून पुंकेसर काढायचे, नंतर त्या फुलाला नर झाडाचे पराग लावायचे आणि खूण करून ठेवायची. हे क्रॉसिंग बहुतेक बायाच करतात. कळी हुकली तर ती स्वतःच फळते आणि बियाण्यात भेसळ होते. कंपनी बियाणे चाचणीला लावते. उगवण किंवा जनुकीय शुद्धता कमी भरली की लॉट फेल, आणि हंगामभराची मेहनत व मजुरी बव्हंशी शेतकऱ्याच्या अंगावर. वाणाची मालकी एकीकडे आणि जोखीम दुसरीकडे, ही वाटणी परदेशी कंपन्या येण्याच्या आधीपासूनची आहे.

१९८८ च्या बियाणे धोरणाने आयातीला आणि परकीय सहभागाला दार उघडले. गॅट या जागतिक व्यापार कराराच्या उरुग्वे फेरीत १९९१ च्या डिसेंबरमध्ये महासंचालक आर्थर डंकेल यांनी मसुदा मांडला आणि ‘डंकेल’ हा शब्द महाराष्ट्रातल्या चावडीवर पोहोचला. डावे पक्ष आणि स्वदेशीवादी यांनी त्याला शेतकऱ्याच्या बियाण्यावरचा घाला म्हटले. कर्नाटकात नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने कारगिल या बियाणे कंपनीच्या कार्यालयावर आणि कारखान्यावर हल्ले केले. महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने मात्र मसुद्याचे स्वागत केले. जोशी यांचा मुद्दा अवघड नव्हता: निर्यातबंदी, लेव्ही (सक्तीची सरकारी खरेदी) आणि झोनबंदी (विभागाबाहेर माल नेण्यास मनाई) यांनी भारतीय शेतमालाचे भाव जगाच्या भावाखाली दाबून ठेवले जातात, सरकार शेतकऱ्याला सबसिडी देत नाही, उणे सबसिडी देते. ज्याला देशातच लुटले जाते, त्याला खुल्या बाजाराची भीती दाखवण्यात अर्थ नाही. त्यांच्या टीकाकारांनी पेटंटच्या धोक्यावर बोट ठेवले, तेही निराधार नव्हते. दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर होत्या, आणि पुढची तीस वर्षे त्याचा पुरावा आहेत.

१५ एप्रिल १९९४ रोजी माराकेशला करार झाला आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. बौद्धिक संपदेच्या करारातील कलम २७.३(ब) ने वनस्पतींच्या वाणांना पेटंट किंवा स्वतःच्या धाटणीचे परिणामकारक संरक्षण, यांतून निवडण्याची मुभा ठेवली होती. भारताने दुसरी वाट घेतली. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने पैदासकाराला हक्क दिला आणि शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, विकण्याचाही. अट एवढीच की ते ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. पेटंट कायद्यातही २००२ च्या दुरुस्तीने झाडे आणि बियाणे पेटंटच्या बाहेर ठेवली. नियम दुसऱ्यांनी लिहिले असले तरी त्यांच्या फटीत स्वतःची सोय करता येते, हे भारताने इथे दाखवले. जागतिक वाटाघाटींतले भारताचे हे सर्वांत चांगले काम म्हणावे लागेल.

तरी कापसाच्या बाबतीत हा हक्क बराचसा कागदावर राहिला. १९९५ मध्ये महिकोला मोन्सँटो या अमेरिकी कंपनीकडून बीटी कापसाचे, म्हणजे बोंडअळीला मारणारा जिवाणूचा जनुक घातलेल्या कापसाचे, १०० ग्रॅम बियाणे आणण्याची परवानगी मिळाली. त्या मूठभर सरकीतला जनुक भारतीय वाणांत उतरवण्यात पुढची वर्षे गेली. १९९८ मध्ये मोन्सँटोने महिकोत २६ टक्के भागभांडवल घेतले; त्याच वर्षी बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या मान्यता समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. भारतात बीटी जवळजवळ केवळ संकरित वाणांतच आले. संकरिताची सरकी पुढच्या वर्षी राखून पेरली तर पीक एकसारखे येत नाही, म्हणून दरवर्षी नवे पाकीट घ्यावेच लागते. गंमत म्हणजे बोलगार्ड या नावाने विकल्या गेलेल्या या पहिल्या बीटी जनुकाचे भारतात पेटंटच नव्हते. शुल्क वसूल झाले ते करारांच्या आणि संकराच्या जोरावर.

४५० ग्रॅमचे पाकीट तेव्हा सुमारे १६०० रुपयांना होते आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार नेली आणि राज्यांनी पाकिटाचा भाव ७५० रुपयांवर आणला. २०१६ मध्ये केंद्राने पाकिटामागचे शुल्क १६३ वरून ४९ रुपयांवर आणले, २०२० मध्ये शून्यावर. बीटीच्या पुढच्या पिढीच्या, म्हणजे बोलगार्ड-२ च्या, पेटंटचा खटला दिल्ली उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात आणि पुन्हा खाली असा फिरला. २०२१ मध्ये तडजोड झाली. कंपन्यांनी याला मालकीवरचा घाला म्हटले आणि त्यानंतर कापसात नवे तंत्रज्ञान आणण्याचा उत्साह मावळला. शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे तणनाशकाला दाद न देणारे विनापरवाना बियाणे उघडपणे पेरून तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची मागणी केली, ती याच पार्श्वभूमीवर.

फायदा झाला हे नाकारता येत नाही. देशाचे कापूस उत्पादन २००२-०३ मध्ये १३६ लाख गाठी होते, ते २०१३-१४ मध्ये ३९८ लाखांवर गेले आणि भारत मोठा निर्यातदार झाला. बीटीच्या जोडीला नवी कीटकनाशके, खते आणि गुजरातेतली सिंचनवाढही होती, हे धरून. बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी येत असे; शेताच्या कडेने ती लावावी, म्हणजे अळीत प्रतिकारशक्ती लवकर येणार नाही, ही कल्पना. दोन-तीन एकरवाल्याने त्या ओळींवर अळी कशासाठी पोसावी? पुडी बहुधा बांधावर पडली. गुलाबी बोंडअळीने आधी गुजरातेत आणि २०१७ पर्यंत मराठवाडा-विदर्भात बीटीला दाद देणे सोडले. देशाचे उत्पादन नंतर ३०० लाख गाठींच्या आसपास घसरले.

वांग्याचा प्रवास उलटा झाला. महिकोच्या बीटी वांग्याला मान्यता समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दिला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. तेच तंत्रज्ञान बांगलादेशच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेला अमेरिकी मदतीच्या प्रकल्पातून मिळाले. तिथे २०१३ मध्ये परवानगी झाली, पुढच्या वर्षी पहिल्या २० शेतकऱ्यांना रोपे दिली गेली. जनुक संकरित नसलेल्या सरकारी वाणांत होता, त्यामुळे बियाणे राखून पेरता येत होते. जालन्याच्या प्रयोगशाळेतली गोष्ट बांगलादेशातल्या शेतकऱ्याला जालन्याच्या शेतकऱ्याआधी मिळाली, आणि अधिक न्याय्य अटींवर.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचे आणखी एक, कमी गाजलेले उदाहरण जालना तालुक्यातच आहे. कडवंची गावात १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून बांधबंदिस्ती आणि माथा ते पायथा उपचार झाले. काम खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली केले. पैसा जर्मनीचा, व्यवस्था नाबार्डची, श्रमदान गावाचे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळत होत्या, तेव्हा कडवंचीतल्या द्राक्षबागा शेततळ्यांवर तगल्या. इथे पेटंट नव्हते, शुल्क नव्हते, आणि वादही झाला नाही.

भावाच्या आघाडीवर चित्र निराळे. २००१-०२ मध्ये जागतिक बाजारात रुई पौंडाला ४० सेंटच्या आसपास घसरली. अमेरिकेने आपल्या सुमारे २५,००० कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान दिले. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी जागतिक व्यापार संघटनेच्या २००३ च्या कानकूनच्या बैठकीत हा प्रश्न उचलला. भारत त्याच बैठकीत शेती अनुदानांविरुद्धच्या गटात पुढे होता. २००५ मध्ये हाँगकाँगला कापसाचा प्रश्न त्वरेने सोडवण्याचे ठरले, आणि २०२४ च्या अबू धाबीच्या बैठकीपर्यंत शेतीवर तोडगा निघाला नाही. उलट २०१८ मध्ये अमेरिकेनेच भारताच्या कापूस हमीभावावर हरकत घेतली. हमीभावातले अनुदान मोजण्याच्या हिशेबात तुलना १९८६-८८ च्या स्थिर किमतीशी होते, ही भारताची तक्रार रास्त आहे. आणि २०१३ च्या बालीच्या बैठकीत सरकारी साठ्यासाठीच्या खरेदीला मिळालेल्या सवलतीचे कवच अन्नधान्यापुरते असल्याने कापसाला त्याचा उपयोग नाही.

पण जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, न्याय मागणाऱ्या सरकारने घरी काय केले, हेही पाहावे लागते. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात एका रात्रीत बंद झाली आणि ती बंदी आठवड्याभरात आरडाओरड्यानंतर उठली. २०२१ मध्ये रुईच्या आयातीवर ११ टक्के शुल्क लावले गेले, २०२२ मध्ये काही महिन्यांसाठी काढले गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लादले तेव्हा कापड उद्योगाला दिलासा म्हणून आयात शुल्क पुन्हा माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे जालन्याच्या शेतात नेमकी वेचणी चालू असताना. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामात ८,११० रुपये क्विंटल होता. तो मिळवायला कापूस महामंडळाच्या ॲपवर नोंदणी आणि बारा टक्क्यांच्या आत ओलावा लागत असे. पावसात भिजलेला माल घेऊन आलेला शेतकरी व्यापारी सांगेल त्या भावाला तो टाकून जात होता.