गावाची वेबसाईट : दुकानही आणि दवंडीही

आमच्या दुकानात अजरखचा तागा उलगडला की गिऱ्हाइकाचा पहिला सवाल ठरलेला: "हा माल अस्सल कशावरून?" याचा जवाब माल बनवणाऱ्या गावानेच द्यावा, आणि त्यासाठी गावाची स्वतःची वेबसाईट असावी, असे आमचे मत आहे. उदाहरण म्हणून कच्छमधील अजरखपूरच घ्या.

हे गाव भूकंपामुळे वसले. खत्री कारागीर सोळाव्या शतकात सिंधमधून कच्छला आले आणि धमडका येथे नदीकाठी स्थिरावले, कारण या छपाईला धुलाईचे पाणी भरपूर लागते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने धमडका उद्ध्वस्त झाले, पाण्यात लोह वाढले. लोहाने रंग बिघडतो. तेव्हा अनेक कुटुंबे भुजजवळ नव्या जागी आली आणि गावाला नाव दिले ते आपल्या हुनराचेच.

ही हकीकत वेबसाईटवर यावी, आणि तिच्याखाली कामाच्या पायऱ्या फोटोंसह: हरड्याचे पाणी, चुना-डिंकाचा ठप्पा, काळ्या रंगासाठी गुळात मुरवलेले गंजके लोखंड, लालसाठी तुरटी, मग निळीची टाकी आणि पुन्हा पुन्हा धुलाई. आज स्क्रीन छपाईचा माल अजरख म्हणून स्वस्तात खपतो आणि मार कारागीर खातो. एवढी मेहनत डोळ्यांनी पाहिल्यावर गिऱ्हाईक भावासाठी निदान कमी भांडेल! कच्छ अजरखला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याची माहिती ठळक द्यावी.

आपत्तीचे पान मात्र शोभेचे नको. भूकंप सांगून येत नाही, वादळ येते. १५ जून २०२३ रोजी बिपरजॉय वादळ जखौ बंदराजवळ धडकले, त्याची सूचना काही दिवस आधीपासून होती. अशा वेळी तागे, ठप्पे कुठे हलवायचे, म्हातारी माणसे कोणत्या पक्क्या इमारतीत न्यायची, हे त्या पानावर आधीच असावे. मोकळी मैदाने, जवळचा दवाखाना, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांकही. वीज गेली की वेबसाईट कोण पाहणार? म्हणून तेच पान छापून मशिदीत, शाळेत आणि प्रत्येक कारखान्यात चिकटवावे.

मजकूर गुजरातीत आणि हिंदीत असावा, इंग्रजी परदेशी गिऱ्हाइकापुरती. देखभालीला गावातलाच एखादा शिकलेला मुलगा पगारावर ठेवावा. आणि वेबसाईटचे नाव कोणा बड्या व्यापाऱ्याच्या नव्हे, गावाच्या संस्थेच्या नावे नोंदवावे.