डायनोसुकस : शितावरून मगरीची परीक्षा

नॉर्थ कॅरोलायनात सापडलेल्या डायनोसुकसच्या जाडजूड दातांचं वर्णन एबेनेझर एमन्स यांनी १८५८ साली केलं आणि ते दात एका सागरी सरीसृपाच्या खात्यात जमा झाले. १९०३ मध्ये मोंटानात जॉन बेल हॅचर आणि टी. डब्ल्यू. स्टँटन यांना कातडीत रुतून बसलेल्या हाडांच्या ढाली मिळाल्या. हॅचर यांना त्या चिलखती डायनोसॉरच्या वाटल्या. पुढच्याच वर्षी हॅचर वारले. ढाली मगरीच्या कुळातल्या आहेत हे ओळखून विल्यम हॉलंड यांनी १९०९ मध्ये त्या प्राण्याला डायनोसुकस हॅचेराय असं नाव दिलं.

खरी प्रसिद्धी मिळाली ती टेक्सासमधल्या बिग बेंडच्या जबड्यांमुळे. १९४० च्या मोहिमेत बार्नम ब्राउन आणि रोलँड बर्ड यांच्या हाती आलेल्या तुकड्यांवरून न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत कवटी उभी राहिली. तुकड्यांमधल्या रिकाम्या जागा प्लास्टरने भरल्या, नमुना होता क्यूबातल्या मगरीचा. अंगाची लांबी ठरली १५ मीटर. आज अंदाज १० ते १२ मीटरच्या आसपास असतो.

एवढं धूड वाढलं कसं, याचं उत्तर १९९९ मध्ये ढालींनीच दिलं. ढालीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वाढीची वलयं दिसतात, वर्षाला एक. ग्रेगरी एरिक्सन आणि क्रिस्टोफर ब्रोशू यांनी ती मोजली. हा प्राणी इतर मगरींपेक्षा फार झपाट्याने वाढत नव्हता. त्याची जोमाची वाढ काही दशकं थांबत नव्हती, इतकंच. आयुष्य सुमारे ५० वर्षांचं. तो खायचा काय, हे शोधण्यासाठी कासवांच्या कवचांवरचे आणि डायनोसॉरच्या हाडांवरचे त्याच्या दातांचे व्रण डेव्हिड श्विमर यांनी अभ्यासले.

२०२० मध्ये ॲडम कॉसेट आणि ब्रोशू यांनी श्विमर यांच्या नावाने वेगळी प्रजाती मांडली. मुस्कट रुंद, टोकाशी फुगीर आणि तिथे दोन मोठी भोकं; क्यूबाच्या मगरीत अशी भोकं नाहीत. २०२५ मध्ये तर डायनोसुकसचं तोवर मानलेलं ॲलिगेटरच्या कुळातलं स्थानही डळमळलं. ॲलिगेटरला खारं पाणी फार काळ सोसत नाही, मग डायनोसुकसच्या काळी उत्तर अमेरिका दुभंगणाऱ्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर याचे अवशेष कसे? हा प्राणी त्या कुळाबाहेरचा आणि खारं पाणी सोसणारा होता, असं नव्या अभ्यासाने सुचवलं.

दीडशेहून अधिक वर्षांत बहुतेक चुका हाडांनी केल्या नाहीत. हाडांच्या मधल्या जागेत बसवलेल्या ओळखीच्या प्राण्यांनी केल्या. पुढचं चित्र कितीही रुबाबदार असलं, तरी त्यात उसनं काय आहे, हे आधी विचारलेलं बरं.