अबेयन्स म्हणजे काय? रद्द, तहकूब आणि स्थगित यांतला फरक समजून घ्या

पहलगाम हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने १९६० चा सिंधू जलकरार 'अबेयन्स'मध्ये ठेवत असल्याचं जाहीर केलं. करार रद्दच झाला, असा अनेकांचा समज झाला. पण अबेयन्स म्हणजे रद्द नव्हे. करार कागदावर कायम, अंमल मात्र थांबलेला.

शब्दाचं मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. अर्थ, आ वासून वाट पाहणं! इंग्लंडच्या जुन्या कायद्यात तो जमिनीसाठी वापरला जाई. मालक ठरलेला नाही, हक्कदाराची वाट पाहणारी जमीन अबेयन्समध्ये.

हे वाचून कांजूरमार्गकरांना काही आठवलं का? मेट्रो ३ च्या आरेतील कारशेडला नोव्हेंबर २०१९ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी स्थगिती दिली. ऑक्टोबर २०२० मध्ये कांजूरची १०२ एकर जागा कारशेडसाठी एमएमआरडीएला देण्यात आली. जमीन आमची, मिठागरांची, असा दावा करत केंद्र सरकार उच्च न्यायालयात गेलं. १६ डिसेंबर २०२० रोजी न्यायालयाने हस्तांतरणाच्या आदेशाला स्थगिती देऊन परिस्थिती 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. न्यायालयाचा शब्द 'स्टे' होता, अबेयन्स नव्हे. पण जमिनीची अवस्था त्या जुन्या अर्थाला तंतोतंत लागू पडणारी. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने आरेवरची स्थगिती उठवली आणि मेट्रो ३ चा डेपो तिथेच झाला. कांजूरची १५ हेक्टर जागा २०२३ मध्ये मेट्रो ६ च्या डेपोसाठी देण्यात आली.

मग फरक काय? 'अ‍ॅडजर्न' म्हणजे सभा किंवा सुनावणी तहकूब. 'पोस्टपोन' म्हणजे पुढे ढकलणं. यात बहुतेकदा नवी तारीख मिळते. 'स्टे' म्हणजे वरच्या अधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने दिलेली स्थगिती. अबेयन्समध्ये मात्र तारीख असेलच असं नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

बदली, भरती किंवा जॉइनिंगच्या पत्रात 'केप्ट इन अबेयन्स' दिसलं, तर तुमचा आदेश जिवंत आहे. (इंजिनीअरिंगनंतर असं पत्र आलेले मित्र आमच्याही बॅचमध्ये होते, गुगल करून आधी आनंद झाला, मग तारीख शोधत बसले.) अशा वेळी लेखी विचारा: कधीपर्यंत, आणि कशामुळे? उत्तर येईपर्यंत हातातली नोकरी सोडू नका.

आणि हो, हा शब्द क्रियापद नाही. 'ऑर्डर अबेयन्स केली' चुकीचं, 'इन अबेयन्स ठेवली' बरोबर.