कोळशांतील वराह

इटलींतील कॅडिबोना येथें कोळशाच्या खाणींत दोन-तीन कोटि वर्षांपूर्वींच्या अस्थि सांपडल्या. १८२२ सालीं फ्रेंच पंडित क्यूव्हिए यांनीं त्या नामशेष प्राण्यास ‘अँथ्राकोथेरियम’, म्हणजे ‘कोळशांतील पशु’, असें नांव दिलें. अंगलट वराहाची, म्हणून पुष्कळ काळ त्यास डुकराचा भाऊबंद मानीत. परंतु दांत व हाडें बारकाईनें ताडून पाहतां त्याच्या कुळाचें नातें पाणघोड्याशीं जुळतें, असें अलीकडील संशोधक सांगतात. आणि पाणघोड्याचा आजचा निकटतम आप्त डुक्कर नव्हे, तर देवमासा! वाचकहो, वर्गांत आम्हींही चेहऱ्यावरून मुलांची पारख केली व पुष्कळदां फसलों. घरोघरच्या वडील मंडळींनीं तरी ही चूक टाळावी.