पत्ता नाही, तहान आहे!

एप्रिलची दुपार. लंच अवर. ऑफिसच्या काचेच्या दारातून बाहेर पडलं की चटकाच बसतो. सिग्नल ओलांडून थंडगार कॅफेत शिरेपर्यंत घसा कोरडा. फार तर चार मिनिटं! पण त्याच सिग्नलच्या फ्लायओव्हरखाली एक कुटुंब राहतं. त्यांची ती चार मिनिटं जूनपर्यंत संपत नाहीत.

नळाला पत्ता लागतो, फुटपाथला तो नसतो. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर नोंदले गेले. त्यातले दोन लाखांहून जास्त आपल्या महाराष्ट्रातले. त्यांनी पाणी आणायचं कुठून? हॉटेलवाल्याकडे मागायचं, नाहीतर विकत घ्यायचं. म्हणजे पुरवून पुरवून प्यायचं. बायकांचं तर आणखी अवघड. शौचालय लांब, शिवाय तिथेही पैसे, म्हणून त्या मुद्दामच कमी पाणी पितात.

उन्हाळ्यात नेमकं हेच जिवावर बेततं. घाम वाळला की शरीर गार होतं. पाणी कमी पडलं की घाम आटतो, आणि ताप ४० अंशांवर गेला की उष्माघात. मुंबईच्या दमट हवेत तर आलेला घामही लवकर वाळत नाही. अहमदाबादने हे फार महागात शिकून घेतलं. मे २०१०च्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये शहराने उष्णतेसाठी खास आराखडा केला. त्यात पिण्याच्या पाण्याची सोयही आली.

आपल्याकडे ही कल्पना नवी थोडीच आहे? विदर्भात उन्हाळा लागला की रस्तोरस्ती पाणपोया दिसतात. जुन्या मुंबईत दानशूरांनी दगडी प्याऊ बांधले, जीपीओजवळचा कोठारी प्याऊ त्यातलाच. २०१४ मध्ये तर मुंबई उच्च न्यायालयाने बजावलं, की बेकायदा झोपडीत राहतो म्हणून कुणाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

मग अडतं कुठे? सातत्यात! पहिल्या दिवशी हार, फोटो, सरबत. पंधराव्या दिवशी रांजण कोरडा. लांबून पाय ओढत आलेल्या माणसाला कोरडा रांजण दिसणं, हे रांजण नसण्यापेक्षा वाईट.

ऑफिसची गँग मिळून काय करता येईल?

• गेटजवळ सावलीत तोटीचा रांजण किंवा पिंप ठेवा. सोसायटीची किंवा बिल्डिंगची परवानगी आधी घ्या.
• रोज भरणं आणि धुणं कुणाकडे, याचा आठवड्याचा तक्ता लावा. रविवारीही, कारण तहानेला वीकएण्ड नसतो.
• झाकण हवंच. पेल्याला साखळी बांधू नका, लोकांना बाटली भरून नेऊ द्या. रात्र त्यावरच निघते.
• एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा), हे साधं जलसंजीवनीचं प्रमाण लक्षात ठेवा.
• कुणी बरळत असेल किंवा बेशुद्ध असेल, तर तोंडात पाणी ओतू नका. सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि १०८ला फोन करा.

आणि हो, पाणी देताना दोन शब्द बोला. ‘घ्या काका, गार आहे,’ एवढंच. पुढच्या वेळी ते आपणहून तोटीपाशी येतील.