रात्रीची थ्री फेज

माझ्या चुलतभावाच्या मोबाइलमध्ये रात्री पावणेबाराचा गजर कायमचा लावलेला असायचा. बाराला थ्री फेज येणार, विहिरीवरची मोटार सुरू होणार आणि मग पहाटेपर्यंत कांद्याला दारं धरायचं. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरं. सापाची भीती पूर्वीपासून होती, अलीकडे बिबट्याची भर पडली. आठवड्यातले काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. रात्रपाळीच्या दिवसांत तो घरी येईपर्यंत काकूच्या डोळ्याला डोळा लागत नसे. महाराष्ट्राच्या वीजधोरणाचा आढावा मी याच बांधावरून घेणार आहे, कारण हवामान, दर आणि कायदा हे तिन्ही प्रश्न शेवटी या एका मोटारीपाशी येतात.

शेतीला वीज रात्री का मिळायची? कोळशावरचा संच एकदा पेटला की रात्रीपुरता विझवून ठेवता येत नाही. रात्री शहरं झोपतात, मागणी उतरते, वीज उरते. ती शेतीकडे वळवायची. दिवसा चढ्या दराने पैसे मोजणारे कारखाने आणि दुकानं असतात. गावठाणाचे फीडर, म्हणजे घरांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, शेतीपासून वेगळे केल्यावर हे सोपं झालं: घरातला दिवा चालू ठेवून विहिरीवरची वीज तोडता येऊ लागली. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काढता येत नाही. पण त्याची किंमत माणसाच्या झोपेतून वसूल झाली आणि ती कुठल्याही ताळेबंदात आली नाही.

वीज हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. केंद्राने २००३ साली वीज कायदा केला आणि त्यानंतर २००५ मध्ये आपल्या वीज मंडळाचे महानिर्मिती, महापारेषण, महावितरण असे तुकडे झाले. या कायद्याचं कलम ६५ प्रत्येक वीजग्राहकाला माहीत असायला हवं, असं मला वाटतं. राज्य सरकारला एखाद्या वर्गाला वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल, तर फरकाची रक्कम त्याने वितरण कंपनीला आगाऊ भरली पाहिजे, असं ते सांगतं. सवलत जाहीर करण्याचा मान सरकारचा, तसा बोजाही सरकारचाच. दुसरं कलम ६१. दर हळूहळू खऱ्या खर्चाच्या जवळ यावेत आणि एका ग्राहकाच्या खिशातून दुसऱ्याला दिलेलं अनुदान कमी होत जावं, हे त्यातलं तत्त्व. मूळ कायद्यात ते अनुदान ‘संपवावं’ असाही शब्द होता. २००७च्या दुरुस्तीत तो गळला. एका शब्दाच्या त्या वजाबाकीत देशभरातल्या शेतीपंपांचं राजकारण सामावलं आहे आणि ती वजाबाकी योग्यच होती, असं माझं मत आहे. अर्धपोटी शेतकऱ्याला कारखान्याच्याच दराने वीज घ्यायला लावणं न्यायाचं नाही.

वीजव्यवहारातली शिस्त आपल्याला फुकट मिळालेली नाही. १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी दाभोळच्या प्रकल्पाचा करार स्पर्धात्मक निविदेशिवाय ठरला. १९९३च्या डिसेंबरात वीजखरेदी करार झाला, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि वाटाघाटी करून पुन्हा जिवंत केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. तेल महागलं, रुपया घसरला आणि डॉलरला बांधलेली वीज मंडळाला पेलेना. मे २००१ पासून खरेदी थांबली. डिसेंबरात कंपनीच अमेरिकेत बुडाली. या व्यवहाराची चिकित्सा करणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवाल आणि पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने, विशेषतः गिरीश संत यांनी, एकेक आकडा उलगडून मांडलेली टीका यांतून एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की बसली: वीजखरेदीचा करार बंद दाराआड होता कामा नये.

महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये आला आणि जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. शेतीच्या खात्यावर दाखवलेल्या विजेत गळती आणि चोरी दडवली जाते, हे याच सुनावण्यांमधून उजेडात आलं. बऱ्याच पंपांना मीटर नाही, बिल अश्वशक्तीवर. मग किती युनिट वापरले हे कोण सांगणार? तारेवर आकडा टाकून वीज चोरणारे गावात होते हे खरं. पण ज्याच्या विहिरीला डिसेंबरातच तळ दिसतो, त्याच्या नावावर भलतेच युनिट चढत होते.

आता हवामानाकडे. चंद्रपूरचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, कोराडी, खापरखेडा: राज्याच्या विजेचा मोठा भार विदर्भ वाहतो आणि राख व धूरही त्याच्याच वाट्याला येतो. जुलै २०२२च्या पावसात नागपूरजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी ओढ्यांत, शेतांत शिरलं. मराठवाड्यात उलट घडलं. २०१५च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं केंद्रच बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, पाणी नव्हतं. २०२०च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीतले खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात राहिल्या. हवामानबदल आपल्याकडे असा येतो: बंधारा फोडून, धरण आटवून, खांब पाडून.

या पार्श्वभूमीवर मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना गेल्या दहा वर्षांतला सर्वांत विचारपूर्वक निर्णय वाटतो. २०१७ मध्ये सुरुवात झाली. राळेगणसिद्धी पहिल्या गावांपैकी एक. उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्याच फीडरला द्यायची. २०२३च्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं ठरलं आणि उद्दिष्ट पुढे १६,००० मेगावॉटपर्यंत गेलं. वीज निविदेतून मिळते, युनिटला तीन रुपयांच्या आसपास. सूर्य दिवसाच असतो, त्यामुळे दिवसा वीज ही मेहेरबानी न राहता योजनेच्या घडणीतच बसते. धूर कमी, खर्च कमी आणि शेतकऱ्याला रात्रीची झोप, हे तिन्ही एकत्र देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

सगळेच निर्णय मात्र या दिशेचे नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये ५,००० मेगावॉट सौर आणि १,४९६ मेगावॉट औष्णिक वीज अशी जोडनिविदा अदानी समूहाने जिंकली. सरासरी दर ४ रुपये ८ पैसे. निविदा झाली, स्पर्धा झाली, हे एन्रॉनच्या काळाहून चांगलंच. पण सौर आणि कोळसा एका गाठोड्यात बांधले की ज्यांना फक्त सौर प्रकल्प उभारायचा आहे, त्यांना दारच उरत नाही. शिवाय नव्या औष्णिक संचाचे हप्ते आपण दोन-अडीच दशकं फेडत राहतो, मग त्याची गरज असो वा नसो.

जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली: सुमारे ४४ लाख शेतकरी, वर्षाला १४,७६० कोटींचा भार, मुदत मार्च २०२९ पर्यंत. माझा विरोध मोफत विजेला नाही. माझा आग्रह कलम ६५चा आहे. ती रक्कम वेळेवर आणि पूर्ण मिळाली नाही, तर खड्डा महावितरणच्या पुस्तकात पडतो आणि फिरून घरगुती व औद्योगिक दरात येतो. दर चढला की मोठा कारखाना मुक्त प्रवेशाच्या (ओपन ॲक्सेस) सोयीने बाहेरची वीज घेतो किंवा छतावर पॅनेल बसवतो. मागे राहतो तो पिठाची गिरणी चालवणारा आणि महिन्याला दीडशे युनिट जाळणारं दोन खोल्यांचं घर. घरगुती बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि वर सोळा टक्के विद्युत शुल्क असतं. जुलै २०२५ पासून घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत मिळते, पण त्यासाठी नवा मीटर हवा आणि त्या वेळी घरात माणूस हवा. जिचा मिक्सर सकाळी सहाला आणि इस्त्री रात्री नऊला चालते, त्या नोकरदार बाईच्या पदरात यातून फारसं पडत नाही.

आमच्याकडचा फीडर गेल्या वर्षी सौर झाला. चुलतभावाने मोबाइलमधला तो गजर काढून टाकला. काकू म्हणते, आता घरात रात्री दहाला दिवा मालवतो. पण दिवसा सलग वीज असल्याने शिवारातल्या सगळ्याच मोटारी एकदम चालतात आणि बिलाचा धाक नसल्याने कोणी घाईने बंद करत नाही. २००९च्या भूजल कायद्यात साठ मीटरपेक्षा खोल बोअरवर निर्बंध आहेत, पण आमच्या शिवारात त्याहून खोल गेलेल्या बोअरची यंत्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. या एप्रिलमध्ये मी त्याच्याबरोबर विहिरीवर उभा होतो. सकाळी नऊला मोटार सुरू झाली, साडेअकराला पाइपातून पाण्याऐवजी हवा फुसफुसायला लागली. त्याने स्टार्टर बंद केला, विहिरीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, “लाइट चार वाजेपर्यंत आहे.”